वासरांमधील नाभी-अंतर्गळ : निदान, उपचार व प्रजननविषयक दक्षता

प्रस्तावना :
नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्याचा पूर्व भाग पर्जन्यछायेत मोडतो. येथील जिरायती शेतीस दुग्धव्यवसायाचा आधार आहे. गोठ्यातील संकरित कालवड ही शेतकरी कुटुंबाची भावी दुभती गाय होय. त्यामुळे तिच्या बेंबीवरील सुजेचे योग्य निदान आर्थिकदृष्ट्याही महत्त्वाचे ठरते. प्रस्तुत लेखात या विकाराचे विवेचन केले आहे.

कारणमीमांसा :
गर्भावस्थेत नाळेतील रक्तवाहिन्या पोटाच्या भिंतीतील वलयातून जातात. जन्मानंतर हे वलय मिटणे अपेक्षित असते. ते उघडे राहिल्यास आतडे किंवा पोटातील चरबीयुक्त पडदा त्वचेखाली उतरतो. यासच नाभी-अंतर्गळ, अर्थात बेंबीचा हर्निया म्हणतात. हा दोष होल्स्टीन फ्रिझियन वंशात अधिक आढळतो. आनुवंशिकता व नाळेचा जंतुसंसर्ग ही त्याची प्रमुख कारणे होत.

निदान :
साध्या अंतर्गळाची सूज मऊ व वेदनारहित असते. वासरू उताणे करून दाबल्यास ती आत जाते व वलयाची कडा बोटांना लागते. याउलट गळू उष्ण, दुखरे व न दबणारे असते. काही वेळा दोन्ही विकार एकत्र असतात. अशा वेळी सोनोग्राफी उपयुक्त ठरते. गळू समजून चीर दिल्यास आतडे कापले जाऊन वासरू दगावण्याचा धोका असतो. म्हणून तपासणीपूर्वी सूज फोडणे सर्वथा वर्ज्य होय.

उपचार :
दोन-तीन बोटांपेक्षा लहान, आत जाणारा अंतर्गळ वाढीबरोबर आपोआप मिटू शकतो. पोटपट्ट्याचाही उपयोग होतो. मोठा, वाढणारा अथवा काही महिन्यांनंतरही टिकलेला अंतर्गळ शस्त्रक्रियेने दुरुस्त करावा लागतो. पशुवैद्यक भूल देऊन आतील अवयव पोटात सारतात व वलय टाक्यांनी बंद करतात. वलय फार मोठे असल्यास जाळी बसवितात. सूज अचानक कडक व दुखरी होणे, पोट फुगणे, दूध सोडणे ही आतडे अडकल्याची लक्षणे असून अशा वेळी तातडीने शस्त्रक्रिया आवश्यक असते.

निष्कर्ष :
जन्मतःच नाळेवर टिंक्चर आयोडीन लावणे, वेळेवर चीक पाजणे व गोठा कोरडा ठेवणे यांमुळे संसर्ग टळतो. तथापि शस्त्रक्रियेने छिद्र मिटते, आनुवंशिक दोष मिटत नाही. अशी कालवड दूध देऊ शकते. मात्र असा गोऱ्हा पैदाशीसाठी राखू नये. एका वळूचा दोष अनेक गोठ्यांत पसरू शकतो.