चित्र एकीकडचं, आवाज दुसरीकडचा

नोकऱ्या गेलेल्या माणसांवरचा माहितीपट बघताना हसू कसं येतं, आणि ते येता येता घशात कसं अडकतं? 'रॉजर अँड मी'मधला एक प्रसंग सावकाश पाहिला की ते कळतं.

१९८९ चा हा मायकेल मूरचा पहिला माहितीपट. गाव मिशिगनमधलं फ्लिंट. १९०८ साली जनरल मोटर्स जन्मली ती इथेच. १९३६-३७ च्या हिवाळ्यात कारखान्यातच ठिय्या मारून कामगारांनी ४४ दिवस संप चालवला तोही इथेच. मूरचा काका त्यात होता. ऐंशीच्या दशकात कारखाने बंद पडू लागले, हजारोंची नोकरी गेली. कंपनीचे अध्यक्ष रॉजर स्मिथ यांनी फ्लिंटला येऊन हे बघावं, म्हणून मूर कॅमेरा घेऊन त्यांच्या मागे लागतो.

आता तो प्रसंग. कंपनीचा नाताळ समारंभ. स्मिथ भाषण करतायत, डिकन्सचा दाखला देतायत. भाषण चालूच राहतं, चित्र मात्र बदलतं. फ्लिंटमध्ये भाडं थकलेल्या एका कुटुंबाला शेरिफचा माणूस घराबाहेर काढतोय. सामान रस्त्याच्या कडेला येतं, त्यात नाताळचं झाडही. वर स्मिथ यांचा आवाज तसाच. निवेदक एक शब्द बोलत नाही. दोन्हींची सांगड घालतो तो प्रेक्षक, आणि स्वतः घातलेली सांगड सहजासहजी सुटत नाही.

गाण्याचंही तसंच. कामावरून कमी केलेला एक कामगार सांगतो, जीव घाबरा झाला म्हणून गाडी काढली, रेडिओ लावला, तर बीच बॉइजचं आनंदी गाणं लागलं. तेच गाणं पुढे वाजत राहतं आणि पडद्यावर फळ्या ठोकलेली रिकामी घरं सरकत जातात.

पण जोडणीतच इतकी ताकद असेल, तर क्रमालाही जपायला हवं. 'फिल्म कॉमेंट' या चित्रपटविषयक नियतकालिकाच्या हार्लन जेकबसन यांनी तेव्हाच दाखवून दिलं, की मूरने घटना पुढेमागे केल्या आहेत. ऑटोवर्ल्ड हे करमणूक केंद्र १९८४ मध्येच उघडलं होतं; चित्रपटात ते नंतरच्या कपातीवरचा उपाय वाटतं. मला हे खटकतं. बंद कारखाने आणि रस्त्यावर आलेलं सामान खरंच होतं. तारखांना हात लावायची गरजच नव्हती.

याउलट एका ठिकाणी मूर कात्री चालवतच नाही. घर चालवायला ससे विकणारी एक बाई आहे. दारावर पाटी: पाळायला किंवा खायला. पाटी वाचून प्रेक्षक हसतो. मग ती एक ससा हातात घेते, कुरवाळते, बोलता बोलता त्याला मारते आणि सोलायला लागते. कॅमेरा तिथेच थांबतो.