उन्हातली गाडी आणि सौर पंखा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या काचेत सौर ऊर्जेवर चालणारा छोटा पंखा अडकवला की गाडी आतून थंड राहते, हा समज दर उन्हाळ्यात नव्याने पसरतो. पंखा डोळ्यांसमोर फिरत असतो, विजेला पैसे पडत नाहीत आणि बाहेर पडणारी गरम हवा हाताला जाणवते, त्यामुळे शंका घेण्याचे कारणच अनेकांना वाटत नाही. प्रत्यक्षात गाडीत दर सेकंदाला किती उष्णता शिरते आणि त्यापैकी किती हा पंखा बाहेर नेऊ शकतो, एवढा एकच प्रश्न येथे महत्त्वाचा आहे आणि जाहिरातीत नेमका तोच कधी विचारला जात नाही.

तत्त्वापुरते पाहिले तर वायुवीजनाची, म्हणजे आतली हवा सतत बदलत ठेवण्याची, कल्पना योग्यच आहे. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी 1909 मध्ये दोन पेट्या उन्हात ठेवल्या, एकीवर काच बसवली आणि दुसरीवर सैंधवाची पातळ तक्ती बसवली. तापलेल्या वस्तूंमधून निघणारे अवरक्त किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण, काच अडवते आणि सैंधव जाऊ देते. तरीही दोन्ही पेट्यांच्या तापमानात फारसा फरक पडला नाही. बंद जागा तापते ती मुख्यतः तापलेली हवा तिथेच कोंडली जाते म्हणून, हे त्यातून दिसले, आणि म्हणूनच पुरेशी हवा खेळती ठेवली तर गाडीही कमी तापेल हे निर्विवाद आहे. सगळी गफलत ‘पुरेशी’ या शब्दाकडे दुर्लक्ष केल्याने होते.

माध्यान्हीचे स्वच्छ ऊन जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारे 1000 वॅट ऊर्जा आणते आणि मोटारीच्या सगळ्या काचांमधून मिळून ढोबळमानाने किलोवॅटभर उष्णता आत शिरते. आता काचेवर अडकवायच्या पंख्याचे सौर पॅनेल 15 सेंटिमीटर लांब आणि 6 सेंटिमीटर रुंद आहे असे धरले, तर त्याचे क्षेत्रफळ 0.009 चौरस मीटर भरते. उत्तम प्रतीचे पॅनेल ऊन थेट अंगावर घेऊनही त्यातून दोन वॅटपेक्षा कमी वीज देईल आणि जवळजवळ उभ्या काचेवर तिरपे ऊन पडत असताना तेवढीही देणार नाही. अशा विजेवर पंखा सेकंदाला पाच लिटर हवा बाहेर टाकतो असे उदारपणे मानले आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा 20 अंशांनी गरम आहे असे धरले, तरी त्या हवेबरोबर जेमतेम 120 वॅट उष्णता बाहेर जाते. शिरणाऱ्या उष्णतेच्या आठव्या भागाइतकीही ती नाही. आतले तापमान बाहेरच्यापेक्षा केवळ 10 अंशांनी जास्त राहावे आणि सगळी उष्णता हवेवाटेच बाहेर पडावी, असे ठरवले तर सेकंदाला 80 लिटरांहून अधिक हवा लागेल. पत्र्यातूनही काही उष्णता बाहेर जाते हे खरे, पण त्यामुळे इतकी मोठी तफावत भरून निघत नाही.

‘पण तासाभरात गाडीतली सगळी हवा अनेकदा बदलते’, असे यावर सांगितले जाते. बदलते, आणि तरीही गाडी तापलेलीच राहते, कारण गाडीतली हवा जेमतेम तीन-चार किलो वजनाची असते, तर उष्णता साठलेली असते ती डॅशबोर्ड, आसने, स्टिअरिंग आणि पत्रा यांत. बाहेरून आलेली ताजी हवा या पृष्ठभागांना लागून लगेच तापते. शिवाय हवा बाहेर जायची तर तितकीच आत यावी लागते. गाडीचे वायुवीजन आतलीच हवा फिरवण्याच्या स्थितीत ठेवले असेल तर बाहेरून हवा येण्याचा मुख्य मार्ग बंद होतो आणि दुबळा पंखा फटींमधून मिळेल तेवढीच हवा ओढत राहतो. सर्वांत मूलभूत मर्यादा तर वेगळीच आहे: केवळ बाहेरची हवा आत घेणारे कोणतेही साधन गाडीला बाहेरच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, त्यामुळे मे महिन्यात चंद्रपूर किंवा अकोल्यात पारा 45 अंशांवर असताना जगातला सर्वोत्तम पंखाही आतले तापमान 45 अंशांच्या खाली नेणार नाही.

मोटार उत्पादकांना हे ठाऊक आहे. 1990 च्या दशकाच्या प्रारंभी माझदा 929 या गाडीत आणि 2009 मध्ये आलेल्या टोयोटा प्रियसच्या तिसऱ्या पिढीत छतावरच्या सौर पॅनेलवर चालणारे वायुवीजन उपलब्ध होते. प्रियसमधले पॅनेल काचेवरच्या खेळण्याच्या कित्येक पटींनी मोठे होते, तरी आतले तापमान बाहेरच्या तापमानाच्या जवळ आणणे एवढेच त्याचे उद्दिष्ट होते. दुरून सुरू करता येणारी वातानुकूलन यंत्रणा पॅनेलवर नव्हे तर गाडीच्या बॅटरीवर चालत असे.

शिरलेली उष्णता बाहेर काढण्यापेक्षा ती शिरूच न देणे कितीतरी परिणामकारक ठरते. ॲरिझोनातील टेंपी येथे केलेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तासभर उन्हात राहिलेल्या गाड्यांच्या आतले सरासरी तापमान सुमारे 47 अंश आणि डॅशबोर्डचे 69 अंश भरले. सावलीतल्या गाड्यांत हेच आकडे अनुक्रमे सुमारे 38 आणि 48 होते. झाडाची सावली मिळाली नाही तर पुढच्या काचेआड परावर्तक पडदा, म्हणजे ऊन परत फेकणारा चकचकीत पडदा, लावावा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात असे:

काच बोटभर उघडी ठेवली की पुरते: ‘पीडिॲट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात 2005 मध्ये आलेल्या अभ्यासानुसार काच सुमारे चार सेंटिमीटर उघडी ठेवूनही तापमानवाढीचा वेग जवळजवळ तेवढाच राहिला.

रंगाने काही फरक पडत नाही: कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या 2011 मधील अभ्यासात काळ्या गाडीपेक्षा रुपेरी गाडीच्या आतली हवा पाच-सहा अंशांनी कमी तापली.

काचा हव्या तितक्या काळ्या कराव्यात: केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पुढच्या-मागच्या काचांतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आत आलाच पाहिजे.

शेवटचा गैरसमज मात्र जीवघेणा आहे आणि त्याबाबत कोणतीही सवलत देता येत नाही. पंखा लावला आहे, काच किंचित उघडी आहे किंवा गाडी सावलीत आहे, म्हणून झोपलेले मूल पाच मिनिटे आत राहिले तरी चालेल, असे मानले जाते. लहान मुलाचे शरीर प्रौढापेक्षा कितीतरी लवकर तापते, आणि 2005 च्या त्याच अभ्यासात गाडीतल्या तापमानवाढीपैकी सुमारे 80 टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती. टेंपीच्या संशोधकांनी दोन वर्षांच्या मुलाविषयी मांडलेल्या गणितानुसार शरीराचे तापमान घातक पातळीला पोहोचायला उन्हातल्या गाडीत सुमारे एक तास आणि सावलीतल्या गाडीत सुमारे दोन तास लागतात. सावलीने वेळ मिळतो, सुरक्षितता मिळत नाही. सौर पंख्याचा खरा उपयोग फार तर गाडीत पुन्हा बसताना अंगावर येणारी झळ थोडी कमी करण्याइतका आहे, आणि जिवंत माणूस किंवा प्राणी आत ठेवून जाण्याच्या निर्णयात त्याला तिळमात्रही स्थान असता कामा नये.