खरकटं भांडं आणि दवाखान्यातली कात्री

दुधाचं पातेलं बुडाला करपलं आहे. ते न घासता नुसतं उकळत्या पाण्यात बुडवलं, तर साफ होईल का? नाही होणार. आधी भिजवायचं, मग घासायचं, मग विसळायचं. ऑपरेशनच्या हत्यारांचंही असंच आहे.

पाठीचा कणा म्हणजे मणक्यांची माळ. मणका मोडला, सरकला किंवा कणा वाकला, तर डॉक्टर कधी कधी धातूचे स्क्रू आणि सळ्या बसवून त्याला आधार देतात. अमेरिकेत ह्यूस्टन शहरी डॉ. पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओने कणा वाकलेल्या मुलांना पोलादी सळी बसवली. आपल्या कामाची माहिती त्यांनी १९६२ साली प्रसिद्ध केली. आता बहुधा टायटॅनियम धातूच्या सळ्या वापरतात.

पण धातूला एक भय असतं. रांजणाच्या तळाशी बुळबुळीत थर धरतो, तो तुम्ही पाहिला असेल. जंतूही धातूवर असाच थर धरतात. त्या थराच्या आत औषध नीट पोचत नाही. मग पाठ पुन्हा उघडून धुवावी लागते. कधी सळी काढावीही लागते. म्हणून जंतूंना आधीच अडवावं लागतं. पहिला पहारा दवाखान्यात, दुसरा घरी.

स्क्रू आणि सळ्या एकाच माणसासाठी असतात. कात्र्या, चिमटे मात्र पुन्हा पुन्हा वापरतात. वापर झाला की त्यांच्यावरचं रक्त वाळू देऊ नये. आधी थंड पाण्याने धुवावं. गरम पाण्याने रक्त गोठून चिकटतं, जसं अंडं उकळल्यावर घट्ट होतं. मग कात्री उघडी करून तिचे सांधे साबणाच्या पाण्याखाली ब्रशाने घासायचे. पोकळ नळी आतून धुवायची. स्वच्छ पाण्याने विसळायचं, कोरडं करायचं, उजेडात धरून पाहायचं. मग गाठोडं बांधायचं.

त्यानंतर वाफ. पाणी १०० अंशांना उकळतं. काही चिवट जंतू तेवढ्याने मरत नाहीत. वाफ कोंडली की ती जास्त तापते. घरचा कुकर याच तत्त्वावर चालतो. फ्रान्समध्ये चार्ल्स चेंबरलँड यांनी १८७९ साली असं यंत्र केलं. त्याला ऑटोक्लेव्ह म्हणतात. त्यात १२१ अंशांच्या वाफेत उघडी हत्यारं निदान १५ मिनिटं ठेवतात, बांधलेली असली तर सुमारे ३० मिनिटं.

गाठोड्यावर एक चिकटपट्टी असते. वाफ लागली की तिच्यावर काळ्या रेघा उमटतात. पण रेघांवरून गाठोडं तापलं एवढंच कळतं. आतली कात्री घासली होती का, हे पट्टी सांगत नाही. रक्ताच्या खपलीआड जंतू दडला, तर त्याला वाफ नीट लागत नाही. म्हणून हत्यारं घासणाऱ्या माणसाचं काम डॉक्टरांच्या कामाइतकंच मोलाचं आहे.

आता घरचा पहारा. जखमेला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा. पट्टी कोरडी ठेवा. हळद, तेल, राख काही लावू नका. आंघोळ कधी करायची, ते डॉक्टरांना विचारा. कुशीवर वळताना खांदे आणि कंबर एकदमच वळवा. वाकू नका, पिळू नका, घागर उचलू नका. मणके एकमेकांना जुळायला कित्येक महिने लागतात. तंबाखू आणि विडी सोडा. त्यांनी हाड जुळायला उशीर होतो. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवा. चालणं मात्र डॉक्टर सांगतील तसं रोज करा.

आणि हे पाठ करून ठेवा. ताप आला, जखम लाल झाली, पू किंवा पाणी वाहू लागलं, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पाय लुळे पडले, बधिर झाले, किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर रात्र असली तरी उजाडण्याची वाट पाहू नका. उशीर झाला, तर पायांतली गेलेली शक्ती परत येईलच असं नाही.