साथीच्या इतिहासातील परिचारिका : शोध आणि साधने

शिर्डीतील महामारीची सर्वपरिचित हकीकत एका जात्याभोवती घडते. १९१० मध्ये गोविंद रघुनाथ दाभोलकर तथा हेमाडपंत यांनी साईबाबांना मशिदीत गहू दळताना पाहिले. गर्दीतून चार स्त्रिया पुढे आल्या, त्यांनी जात्याचा खुंटा हाती घेऊन दळण पुरे केले आणि बाबांच्या सांगण्यावरून ते पीठ गावाच्या शिवेवर नेऊन टाकले. गावात त्या वेळी पटकीची साथ होती. 'श्रीसाईसच्चरिता'च्या पहिल्याच अध्यायात हा प्रसंग येतो. भाविकांची दृष्टी वेगळी. इतिहासाच्या विद्यार्थ्यास मात्र त्यात आणखी एक गोष्ट जाणवते. ज्या चौघींनी काम केले त्यांपैकी एकीचेही नाव तेथे दिलेले नाही.

साथीत रुग्णशुश्रूषा करणाऱ्यांचा इतिहास लिहिताना हीच अडचण पदोपदी येते. याच ग्रंथाच्या तेविसाव्या अध्यायात महामारीच्या वेळी ग्रामस्थांनी केलेले दोन निर्बंध सांगितले आहेत : सरपणाची गाडी गावात येऊ द्यावयाची नाही आणि बोकड मारावयाचा नाही. गावाबाहेर काय ठेवावयाचे याची नोंद झाली. घरात आजाऱ्याच्या उशाशी कोण बसले याची झाली नाही. प्रशिक्षित परिचारिका त्या काळी खेड्यात नव्हतीच. ते काम आई, सून, शेजारीण आणि सुईण यांच्याकडे असे व ते काम म्हणून कोणी मोजतही नसे.

या विषयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याची पूर्वतयारी म्हणूनच थोडी निराळी असावी लागते. जुने दप्तर वाचण्यास मोडी लिपी हवी. रोगांची लोकांतील नावेही ठाऊक हवीत. पटकी, महामारी, जरीमरी, प्लेगसाठी ग्रंथिक सन्निपात, १९१८ च्या इन्फ्ल्युएन्झासाठी मानमोडी, असे अनेक शब्द कागदांत भेटतात. गाव नमुना १४ म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंदवही. तीत मृत्यूचे कारण पाटलाने आपल्या समजुतीप्रमाणे लिहिलेले असते. १९१८ मधील मानमोडीचे कित्येक बळी त्यामुळे नुसत्या 'ताप' या सदराखाली गेले. एकाच घरात तीन मृत्यू लागोपाठ झाले असतील आणि शेवटचा घरातील कर्त्या स्त्रीचा असेल, तर शुश्रूषा करताना तिला लागण झाली असावी असा तर्क संभवतो. परंतु तो तर्कच समजावा. अन्य पुरावा मिळेपर्यंत त्यास सिद्धान्ताची योग्यता देता येत नाही.

नाव टिकले त्याचे ठळक उदाहरण सावित्रीबाई फुले यांचे. अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्याशी त्यांचा जुना संबंध होता. अध्यापनाचे शिक्षण त्यांनी नगर येथे मिस फरार यांच्या संस्थेत घेतले. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्रकट झालेला प्लेग पुढे पुण्यास पोहोचला, तेव्हा डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला. सावित्रीबाई तेथे रुग्ण आणीत व त्यांची सेवा करीत. मुंढव्याच्या एका प्लेगग्रस्त मुलास पाठीवर घेऊन त्यांनी दवाखान्यात आणले. त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्या पन्नास वर्षांच्या सार्वजनिक कार्यामुळे आधीच परिचित होत्या, म्हणून ही हकीकत आपल्यापर्यंत आली. दवाखान्यातील इतर मदतनिसांविषयी असे म्हणता येत नाही.

सरकारी बाजूस कागद पुष्कळ आहेत. ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा, प्लेग समित्यांचे अहवाल, मुंबईच्या पुराभिलेखागारातील प्लेगविषयक दप्तरे ही साधने हाताशी आहेत. त्यांत अधिकारी व डॉक्टर नावानिशी दिसतात. हिंदी सेविका बहुधा केवळ संख्येने. प्लेगच्या कामासाठी १८९७ मध्ये इंग्लंडहून परिचारिका आणण्यात आल्या होत्या. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी पुण्याच्या प्लेग रुग्णालयातील स्त्रियांच्या व्यवस्थेवर वृत्तपत्रात पत्र लिहून कठोर टीका केली. अहवाल आणि हे पत्र शेजारी ठेवून वाचल्याशिवाय दोहोंपैकी कशाचाही अर्थ पुरता लागत नाही.

पुढे १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे सेवासदनाने ससून रुग्णालयात मराठी स्त्रियांच्या परिचर्या-शिक्षणाची सोय केली. मुंबई इलाख्यात परिचारिका, सुइणी व आरोग्य-अभ्यागत यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ मध्ये झाला. तेथून परिचारिकेचे नाव सरकारी वहीत रीतसर येऊ लागले.

कोविडच्या साथीत १७ मार्च २०२० रोजी शिर्डीचे साईमंदिर दर्शनासाठी बंद झाले आणि १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, पुन्हा उघडले. या तारखा सहज सापडतात. त्या महिन्यांत गावोगावी घरे तपासणाऱ्या आशा कार्यकर्त्या आणि विलगीकरण कक्षांत पाळ्या केलेल्या परिचारिका यांची नावे मात्र हजेरीपट, पाळीपत्रके व ग्रामसमित्यांची इतिवृत्ते यांत विखुरलेली आहेत. हे कागद मुदत संपताच नाश करावयाच्या वर्गात सहज पडू शकतात. नष्ट करण्याच्या यादीवर सही करण्यापूर्वी तालुक्याच्या कार्यालयात त्यांतील एक प्रत वेगळी काढून ठेवता येते. शाळेतील इतिहासाच्या शिक्षकांनाही वरच्या वर्गातील मुलांकडून अशा सेविकांच्या मुलाखती, त्यांच्या संमतीने, लिहवून घेता येतील. मुलाखतीवर तारीख, ठिकाण आणि सांगणारीचे पूर्ण नाव असावे.