घारींच्या गर्दीतले पाहुणे

‘आमच्याकडे काय, नुसत्या घारी!’ बोरिवली-मुलुंडच्या कुठल्याही गच्चीवर पक्ष्यांचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. पावसाळा सरला की सप्टेंबरअखेरपासून डिसेंबरपर्यंत उत्तरेकडचे शिकारी पक्षी याच घारींच्या मधून दक्षिणेकडे सरकत असतात. आपण मान वर करतो, ‘घार’ म्हणतो आणि मान खाली घालतो, म्हणून ते दिसत नाहीत.

मुळात घार बारा महिने इथलीच, हा समजच अर्धा खरा आहे. नारळाच्या झाडावर किंवा मोबाइल टॉवरवर काटक्या, चिंध्या, वायरी रचून घरटं करणारी घार इथली. पण थंडीत तिची उत्तरेकडची बहीणही भारतात उतरते. ती अंगाने थोराड असते, पंखांखाली पांढरा पट्टा ठसठशीत दिसतो आणि डोळ्यामागे काळसर डाग असतो. दिल्लीत अशा घारींच्या पाठीवर यंत्रं बसवून त्यांचा माग काढला, तेव्हा त्या ६,००० मीटरहून अधिक उंचीवरून हिमालयाच्या रांगा ओलांडून मध्य आशियात परततात असं दिसलं. आपली स्थानिक घारही एका जागी बांधलेली नाही. पुण्यात घारी रात्री जिथे एकत्र बसतात त्या जागांचा अभ्यास अनिल महाबळ आणि डी. बी. बस्तावडे यांनी केला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) नियतकालिकात तो १९८५ साली छापून आला. तिथली घारींची संख्या वर्षभर सारखी राहत नव्हती, आणि मुसळधार पावसाच्या भागातून त्या तात्पुरत्या हलत असाव्यात असा अंदाज त्यातून पुढे आला.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की आधी घार पाठ करा. तिची शेपटी मिटलेली असताना टोकाला खाच असलेली दिसते, पूर्ण पसरली की ती खाच जवळजवळ नाहीशी होते. वळताना घार ही शेपटी सुकाणूसारखी पिळते. हे डोळ्यांत बसलं की वेगळा पक्षी आपोआप खटकतो. उदाहरणार्थ बूटेड ईगल. आकाराने घारीएवढाच, पण शेपटी सरळ कापल्यासारखी. त्याच्या फिक्या रूपात खालून बघताना पंखांची पुढची बाजू पांढरी आणि मागची पिसं काळी असतात. भांडुप किंवा विक्रोळीच्या खाडीकडे तोंड असेल, तर तिवरांवरून पंख इंग्रजी ‘व्ही’सारखे उचलून कमी उंचीवर तरंगत जाणारा दलदली भोवत्या (मार्श हॅरियर) दिसू शकतो.

‘घारी घिरट्या घालतायत, म्हणजे खाली काहीतरी मेलंय.’ बहुतेक वेळा तसं काही नसतं. उन्हाने डांबर, काँक्रीट आणि डोंगरउतार तापतात, गरम हवा वर चढते आणि पक्षी तिच्यावर बसून फुकटात उंची गाठतात. पुढे पंख न हलवता ते घसरत दूर जातात आणि दुसरा झोत शोधतात. लांबच्या प्रवासात या मोठ्या पक्ष्यांची ताकद अशीच वाचते. त्यामुळे पक्षी बघायला पहाटेच उठावं लागतं हा नियम इथे लागू नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात सकाळी साडेनऊ-दहानंतर गच्चीवर जा. बोरिवलीकरांनी पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांकडे बघावं, मुलुंडकरांनी पश्चिमेला.

थंडी सोसत नाही म्हणून हे पक्षी येतात, असंही म्हणतात. पिसांमुळे थंडी बरीच निभते, पोट निभत नाही. बर्फाखाली उंदीर दडतात, किडे संपतात, म्हणून निघावं लागतं.

परदेशी चित्रफिती बघून थव्यांची आशा धरू नका. मेक्सिकोतल्या वेराक्रूझवरून दर शरदात लाखो शिकारी पक्षी जातात, कारण डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत त्यांची वाट आवळली जाते. मुंबईवर अशी अडचणीची वाट नाही. इथे एक-दोन पक्षी येतात, तेही घारींमध्ये मिसळून.

अमूर ससाण्याचं नाव मात्र घ्यायलाच हवं. जेमतेम दीडशे ग्रॅमचा हा पक्षी सायबेरिया आणि उत्तर चीनकडून आफ्रिकेच्या दक्षिणेला जातो. नागालँडमधल्या पांगती परिसरात २०१२ साली त्यांची प्रचंड कत्तल झाली आणि पुढच्याच वर्षी तिथल्याच गावकऱ्यांनी ती थांबवली. नोव्हेंबरमध्ये यातले काही महाराष्ट्र ओलांडून अरबी समुद्रावर झेपावतात. लोणावळ्याकडे पक्षीनिरीक्षक त्यांची वाट बघत असतात. उपनगरावरून तो गेला तर तो ‘छोटी घार’ नव्हे. डीएनएच्या अभ्यासानुसार ससाणे घारी-गरुडांपेक्षा पोपटांना जवळचे आहेत.

शेवटचा गैरसमज पक्ष्याच्या जिवावर बेततो. दमलेला किंवा मांज्याने कापलेला पक्षी गच्चीत पडला की लोक चोच उघडून पाणी ओततात. ते श्वासनलिकेत जाऊन तो गुदमरू शकतो. त्याच्यावर कापड टाका, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, खायला काही देऊ नका आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.