विकणाऱ्याचा बाजार, घेणाऱ्याचा मॉल

तालुक्याचे नाव केळापूर. परंतु तहसील कचेरी, न्यायालय आणि मोठा बाजार पांढरकवड्याला. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडील या तालुक्याची ही रीत बाहेरच्या माणसाला थोडी चमत्कारिक वाटते, स्थानिकांना ती कधीच खटकत नाही. केळापूरला जगदंबेच्या दर्शनासाठी जावे आणि पांढरकवड्याला बाजारासाठी, इतकी साधी वाटणी त्यांनी करून ठेवली आहे. या वाटणीत हल्ली तिसरे एक गाव येऊन बसले आहे, ते म्हणजे नागपूर. पांढरकवड्यावरून जाणारा नागपूर-हैदराबाद रस्ता, पूर्वीचा 7 क्रमांकाचा आणि आताचा 44 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, रुंद झाल्यापासून दीडशे किलोमीटरच्या आसपासचे हे अंतर अंतरच राहिलेले नाही. दिवाळीची किंवा लग्नाची खरेदी करायची तर नोकरदार नि सुस्थितीतली कुटुंबे सकाळी निघतात, दिवस एखाद्या मॉलमध्ये घालवतात आणि रात्री घरी परततात.

यात हेटाळणी करण्यासारखे काही नाही. विदर्भाच्या उन्हाळ्यात चार तास थंड हवेत, स्वच्छ फरशीवर, ‘घ्यायचे नसेल तर पुढे व्हा’ असे कोणी न म्हणता हिंडता यावे, हे सुख लहान नव्हे. वस्तूवर किंमत छापलेली असते आणि ती तहसीलदाराला एक नि शेतमजुराला दुसरी नसते. स्त्रियांसाठी स्वच्छतागृह असते. आठवडी बाजाराचे गोडवे गाणाऱ्या लेखकांनी या शेवटच्या गोष्टीचा विचार अवश्य करावा. पहाटे पोडावरून निघून सूर्य मावळेपर्यंत बाजारात बसणाऱ्या बाईला तो दर आठवड्याला करावाच लागतो.

मॉल ही संस्था मुळात एका निर्वासिताच्या मनातून उतरली. व्हिक्टर ग्रुएन हा व्हिएन्ना सोडून अमेरिकेत आलेला वास्तुरचनाकार. मिनेसोटा राज्यात 1956 साली त्याने साउथडेल नावाचे पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित बाजारसंकुल उभे केले, तेव्हा आपल्या जुन्या शहरातले चौक अमेरिकन माणसाला परत मिळवून द्यावेत अशी त्याची कल्पना होती. पुढे त्याच्या कल्पनेची जी रूपे झाली ती पाहून त्याने स्वतःच त्यांच्याशी नाते नाकारले. तेथून निघालेली ही कल्पना दुबईसारख्या अरब शहरात जाऊन इतकी फोफावली की, देऱ्यातल्या सोन्याच्या जुन्या बाजाराबरोबरच 2008 साली उघडलेला दुबई मॉल पाहिल्याशिवाय आज तेथे गेलेल्या मराठी कुटुंबाची फेरी पुरी होत नाही. मुंबईत ती विसाव्या शतकाच्या अखेरीस आली, नंतर नागपुरात.

नागपुरातील आगमनाची एक गोष्ट मात्र केळापूरच्या माणसाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. मुंबई सोडून एवढ्या आत येण्याचे मुख्य कारण होते कापूस. जेथे पिकतो त्याच्या जवळ तो कातावा, हा त्यामागचा हिशेब. वऱ्हाडचा काळा कसदार मुलूख त्या हिशेबाच्या केंद्राशी होता. ती मिल बंद पडली आणि तिच्या जमिनीवर आज एम्प्रेस नावाचाच मॉल उभा आहे. मुंबईतल्या लोअर परळच्या फिनिक्स मिलचे हेच झाले. पूर्वी केळापूरचा कापूस ज्या दारातून आत जात असे, त्याच ठिकाणी आज केळापूरचा शेतकरी तयार सदरा विकत घेण्यासाठी जातो. आधी तो तेथे पुरवठादार होता. आता केवळ गिऱ्हाईक आहे.

आठवडी बाजार आणि मॉल यांतला खरा फरक येथे आहे, असे मला वाटते. घासाघीस, गर्दी, ताजी भाजी, ओळखीचा माणूस या फरकांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले. ते खरेही आहेत, पण वरवरचे आहेत. पांढरकवड्याच्या किंवा पाटणबोरीच्या बाजारात शिरणारी कितीतरी माणसे डोक्यावर काहीतरी घेऊन येतात आणि पिशवीत काहीतरी घेऊन जातात. कोणी वांगी नि मिरच्या आणते, कोणी कोंबड्या. कुंभार मडकी आणतो, लोहार विळे नि कुऱ्हाडी. कोलाम पोडांवरून बांबूच्या टोपल्या नि सुपे येतात, हंगामात चारोळी आणि मोहफूल येते. दुपारपर्यंत यातले जे विकले जाते त्या पैशांतून तेल, मीठ, तिखट, पोराची चड्डी आणि उरलेच तर मुरमुरे नि भजी. एकाच दिवशी, एकाच मैदानावर माणूस आधी विक्रेता असतो आणि मग ग्राहक. मॉलमध्ये या पहिल्या भूमिकेला जागाच नाही. तेथे दारावरचा पहारेकरी पिशवी तपासतो. आत जाताना ती रिकामी असावी, हीच त्याची अपेक्षा असते.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात ग्राहक आणि उत्पादक असे दोन वेगळे प्राणी असतात. कोलामाच्या घरात ते एकाच चुलीवर जेवतात. त्याच्या टोपलीला गिऱ्हाईक नसेल तर बाजारातील तेलाचा भाव कितीही उतरला तरी त्याला त्याचा उपयोग नाही. 2012 साली केंद्र सरकारने अनेक नाममुद्रांचा माल विकणाऱ्या किरकोळ दुकानांत 51 टक्के परकीय भांडवलाला परवानगी दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! पण त्या वादाचा झोत मुख्यतः किराणा दुकानदारावर होता. जमिनीवर गोणपाट अंथरून बसणारी बाई त्या झोतात फारशी आलीच नाही.

दुसरी गोष्ट काळाची. कापूस वेचणीची मजुरी किलोवर मोजतात आणि तिचा चुकारा बहुधा आठवड्याने, बाजाराच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी होतो. मजुराची मिळकत ज्या लयीने येते त्याच लयीने बाजार भरतो. किंबहुना मजुरी आठवड्याची म्हणून बाजार आठवड्याचा आणि बाजार आठवड्याचा म्हणून मजुरी आठवड्याची, असे हे दुहेरी बंधन आहे. मॉलची आणि आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोचलेल्या मोठ्या किराणा भांडारांची रचना महिन्याच्या पगाराभोवती झालेली असते. पाच किलो घेतले तर स्वस्त, एकावर एक फुकट, महिन्याचे सामान एकदम भरल्यास सवलत. ज्याच्या हाती एका वेळी सात दिवसांचेच पैसे येतात, त्याला स्वस्ताईचा हा दरवाजा बंदच असतो. आणि गंमत अशी की, मोठ्या कंपन्यांना हे आपल्या अर्थपंडितांच्या आधी उमगले. शाम्पूची नि चहाची एक-दोन रुपयांची पुडी हा आठवडी बाजाराच्या मापाला कंपन्यांनी केलेला नमस्कारच होय.

तरीही बाजाराचे चित्र गुलाबी रंगवणे हा त्या बाजारात लुटल्या गेलेल्यांवर अन्याय होईल. मध्य भारतातील आदिवासी बाजारांत मिठाच्या बदल्यात चारोळी घेऊन जाणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हकिकती पिढ्यानपिढ्या सांगितल्या जातात. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरतो आणि ज्याचा बैल त्यालाच तो कळत नाही, हेही आपण ऐकलेले आहे. बाजारातल्या जागेलाही एक उतरंड असते. रस्त्याला लागून पक्क्या दुकानांचे व्यापारी, मग कापडाचे नि भांड्यांचे फिरते विक्रेते, मग भाजीवाले. आणि अगदी शेवटी, जेथे चिखल किंवा धूळ सर्वाधिक, तेथे टोपल्यावाली. ती आपली मातृभाषा कोलामी बोलते, गिऱ्हाईक वऱ्हाडीत किंवा तेलुगूत भाव पाडते, आणि तीन भाषांच्या या झटापटीत पहिली माघार बहुधा तिलाच घ्यावी लागते. छापील किमतीचे महत्त्व अशा वेळी कळते.

या फसवणुकीवरचा उपाय बाजार मोडणे हा नव्हे, बाजाराला नियम लावणे हा आहे, हे भारतात प्रथम वऱ्हाडनेच ओळखले होते. हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमान्वये आजच्या वाशिम जिल्ह्यातील कारंजा येथे 1886 साली देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. 1897 साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला आणि 1928 साली शाही कृषी आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस करताना वऱ्हाडचा अनुभवच पुढे ठेवला. इंग्रजांना अर्थात लँकेशायरसाठी स्वच्छ कापूस हवा होता, त्यात परोपकार नव्हता. पण कापसाच्या गाडीला जे वजनमापाचे संरक्षण सव्वाशे वर्षांपूर्वी मिळू लागले, ते टोपलीला नि चारोळीला मिळालेले नाही. कापूस बाजार समितीच्या आवारात गेला. आठवडी बाजार मैदानावरच राहिला आणि त्याच्याकडे दरवर्षी वसुलीचा लिलाव करण्यापुरतेच शासनाचे लक्ष गेले. लिलाव घेणारा ठेकेदार बैठकीचे पैसे टोपल्यावालीकडूनही घेतो. त्या पैशांत तिला सावली नि पिण्याचे पाणी मिळावे, ही अपेक्षा फार मोठी आहे काय?

आता प्रश्न मैदानाचाच उभा राहिला आहे. तालुक्याच्या अनेक गावांत बाजाराची जागा ही मोक्याची जागा ठरली असून तेथे गाळे बांधून व्यापारी संकुल उभारण्याची कल्पना स्थानिक कारभाऱ्यांना मोहवते. गाळ्याची अनामत भरणारा आणि ठरल्या दिवशी भाडे देणारा भाडेकरू आठवड्यातून एकदा येणाऱ्या दोनशे बायकांपेक्षा नगरपरिषदेच्या हिशेबाला सोयीचा असतो. मजा पाहा: शासनाच्या पणन मंडळाने 2016 साली पुण्या-मुंबईकडे संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार सुरू केले, शेतकऱ्याने थेट शहरी ग्राहकाला विकावे म्हणून. महानगरात जे नव्याने लावायचे ते रोप तालुक्यात मुळासकट उपटायचे, असा हा कारभार.

कायदे नाहीत असे नाही. केळापूर तालुक्यातील पुष्कळ गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. 1996 सालच्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रातील पंचायतींना आणि ग्रामसभांना गावच्या बाजाराचे व्यवस्थापन करण्याचा अधिकार देण्याची तरतूद केलेली आहे. पण ज्या पोडाच्या ग्रामसभेला हा अधिकार आहे त्या पोडावर बाजार भरत नाही; आणि तालुक्याचा मोठा बाजार ज्या पांढरकवड्याला भरतो तेथे नगरपरिषद असल्यामुळे हा कायदा पोचत नाही. टोपल्यावाली जेथे मत देते तेथे विकत नाही नि जेथे विकते तेथे तिला मत नाही.

नगरपरिषदेच्या हद्दीत तिच्या उपयोगी पडावा असा दुसरा कायदा 2014 सालचा, पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा. परंपरेने विक्रेते नि ग्राहक जमत आले आहेत अशा नैसर्गिक बाजाराला तो मान्यता देतो आणि सर्वेक्षणात नोंदल्या गेलेल्या अशा बाजाराची जागा विक्रीला मनाई असलेले क्षेत्र म्हणून जाहीर करता येणार नाही, असेही सांगतो. शहर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडलेले असावेत, त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, ही तरतूदही चांगली आहे. पण विक्रेत्याचे प्रमाणपत्र मिळण्यासाठी एक हमी द्यावी लागते: पथविक्रीशिवाय माझे उपजीविकेचे दुसरे साधन नाही. मुंबईच्या पदपथावर रोज बसणाऱ्याला ही अट चालून जाईल. केळापूरच्या बाईने काय लिहावे? ती चार दिवस कापूस वेचते, एक दिवस बांबू फोडून टोपल्या विणते, उन्हाळ्यात रानात जाते आणि बाजाराच्या दिवशी विकायला बसते. खरे लिहिले तर प्रमाणपत्र नाही. आणि खोटे लिहिले तर उद्या कोणीही तक्रार करून तिला उठवणार. आठवडी विक्रेत्यांना या अटीतून वगळण्याची दुरुस्ती एका वाक्याची आहे. विदर्भातील खासदारांनी ती मागण्यास कोणाचीच हरकत असण्याचे कारण नाही.

तोवर निदान सर्वेक्षण तरी नीट व्हावे. कायद्याप्रमाणे ते दर पाच वर्षांनी किमान एकदा व्हायचे असते. ते बाजाराच्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, मैदानाच्या चिखलाकडच्या टोकापासून सुरू करावे आणि मोजणी करणाऱ्याबरोबर कोलामी व तेलुगू समजणारा एखादा माणूस असावा. इतर वारी तेथे मोजण्यासारखे काही सापडणार नाही. शेळ्या चरत असतात आणि मुले क्रिकेट खेळत असतात.