मध्यस्थ कुणाचा असतो?

सातारा-सांगलीच्या गावांत दोन भावक्यांचे बांधावरून वाजले, की मिटवायला पुढे कोण येतो? गावातला सर्वांत मोठा वाडा सहसा येत नाही. तो आला तर हुकूम सोडतो. आमच्या वस्तीतल्या माणसाला कुणी विचारत नाही. पुढे येतो तो मधला. त्याचे शेत दोघांच्या मध्ये असते, पाण्याची पाळी दोघांवर अवलंबून असते आणि सोसायटीच्या निवडणुकीत त्याला दोन्हीकडची मते हवी असतात. भांडण पेटले तर पहिली झळ त्याला लागते, मिटले तर नाव त्याचे होते. यात पाप काही नाही. फक्त तो निव्वळ कळवळ्याने आला, असे कुणी आम्हाला सांगू नये.

राष्ट्रांचे व्यवहारही याच वळणाने जातात. अमेरिका आणि तालिबान यांच्यातला 29 फेब्रुवारी 2020 चा करार कतारमध्ये, दोहा येथे झाला. कतारच्या जमिनीवर अमेरिकेचा लष्करी तळ, तालिबानचे कार्यालयही दोहातच आणि समुद्रातले वायूचे प्रचंड साठे इराणशी सामाईक! असा देश एका बाजूला उभा राहिला तर बुडतो. म्हणून तो मधे बसतो आणि मधे बसण्यातूनच आपली किंमत वाढवतो. महासत्तेच्या हातात काठी असते, तिजोरीही असते. मध्यम देशाकडे दोन्ही बेताचेच. दोन्ही दारांत प्रवेश एवढेच त्याचे भांडवल.

याचा धडा आपल्या भागातल्या एका माणसाने फार जवळून पाहिला होता. यशवंतराव चव्हाण यांचा जन्म देवराष्ट्रे गावचा. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज सांगलीत आहे. नोव्हेंबर 1962 मध्ये चीनपुढे भारताची नामुष्की झाली आणि मुंबईहून चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला नेण्यात आले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावल्याचे कौतुक महाराष्ट्रात पुष्कळ झाले. पण त्याच डिसेंबरात कोलंबोमध्ये सहा अलिप्त राष्ट्रे भारत-चीन तंटा सोडवायला जमली होती, याची चर्चा आपल्याकडे क्वचितच होते. सिलोन, ब्रह्मदेश, कंबोडिया, इंडोनेशिया, इजिप्त आणि घाना. पुढाकार सिलोनच्या पंतप्रधान सिरिमाओ बंदरनायके यांचा.

हे सहा जण का आले? ब्रह्मदेशाने 1960 मध्ये चीनशी सीमेचा करार केला होता, तो त्याला बिघडवायचा नव्हता. कंबोडियाला शेजाऱ्यांची भीती आणि चीनचा आधार. सिलोनचा रबर आणि तांदळाचा चीनशी करार 1952 पासूनचा, आणि डोक्यावर भारतासारखा अवाढव्य शेजारी. इजिप्त मात्र दिल्लीकडे झुकलेला. शिवाय एक भीती सर्वांना होती. अलिप्ततेचा पुढारी भारतच अमेरिकेकडे शस्त्रे मागू लागला, तर अलिप्तांचा गट राहतो कुठे? आपले छप्पर वाचवायला ते आले होते. म्हणूनच त्यांनी चीनला आक्रमक म्हटले नाही. चीनने पश्चिम विभागात वीस किलोमीटर मागे सरावे, मोकळ्या झालेल्या पट्ट्यात दोघांच्या नागरी चौक्या असाव्यात, असा त्यांचा प्रस्ताव होता. बंदरनायके पेकिंगला आणि दिल्लीला जाऊन आल्या. भारताने प्रस्ताव स्वीकारला, चीनने 'तत्त्वतः' स्वीकारला आणि आपल्या अटी घातल्या. बोलणी झालीच नाहीत. चीनला भाग पाडण्याची ताकद सहांपैकी एकाकडेही नव्हती. तीन वर्षांनी ताश्कंदमध्ये भारत आणि पाकिस्तान यांच्यात सोविएत रशिया बसला, तेव्हा 10 जानेवारी 1966 ला सह्या झाल्या. तिथेही चव्हाण हजर होते. काठीवाला मध्यस्थ आणि बिनकाठीचा मध्यस्थ, दोन्ही त्यांनी पाहिले.

पण आम्हाला या कोलंबोच्या कथेतले दुसरेच एक पान महत्त्वाचे वाटते. याच सिलोनमध्ये चहाच्या मळ्यांत इंग्रजांनी तामिळ मुलखातून नेलेले लाखो मजूर होते. त्यांतले बहुसंख्य आपल्यासारखेच, गावकुसाबाहेरच्या जातींचे. स्वतंत्र सिलोनने 1948 च्या कायद्याने त्यांचे नागरिकत्व नाकारले. बंदरनायके दिल्लीत मध्यस्थ म्हणून सन्मानाने वावरल्या, त्यानंतर दोनच वर्षांनी, 30 ऑक्टोबर 1964 रोजी, त्यांनी आणि लालबहादूर शास्त्रींनी या माणसांची वाटणी केली. एकूण 9 लाख 75 हजार. सव्वापाच लाख भारताने घ्यायचे, तीन लाख सिलोनने ठेवायचे, उरलेल्या दीड लाखांचे नंतर बघायचे! मध्यस्थीची ही किंमत होती असा आमचा आरोप नाही. पण शेजाऱ्याशी सलोखा हवा असलेल्या दोन सरकारांनी माणसे मोजली, आणि मळ्यातल्या बाईला विचारले नाही की बाई, तुला कुठे राहायचे आहे?

याच्याशेजारी 1932 ठेवून पाहा. येरवड्यातही मध्यस्थ होते. सप्रू होते, जयकर होते, मालवीय होते. तेही आपापले हित घेऊन आले होते, आणि एका माणसाच्या प्राणांचे ओझे बाबासाहेबांच्या खांद्यावर टाकून वाटाघाटी चालल्या. स्वतंत्र मतदारसंघ गेले. ती जखम आपण विसरलेलो नाही. तरी त्या खोलीत बाबासाहेब स्वतः होते, म्हणून जातीय निवाड्यातल्या 71 जागांच्या 148 झाल्या. मळ्यातल्या मजुरांच्या वतीने 1964 मध्ये त्या खोलीत असे बोलणारे कुणी नव्हते.

भारत स्वतः मध्यस्थ झाला तेव्हाचाही हिशेब बाबासाहेबांनी मांडून ठेवला आहे. 1951 मध्ये राजीनामा देताना त्यांनी सांगितले की वर्षाच्या 350 कोटी महसुलातले सुमारे 180 कोटी लष्करावर जातात, आणि याला कारण आपले परराष्ट्र धोरण, कारण अडचणीत धावून येईल असा मित्रच आपण ठेवला नाही. दोन वर्षांनी भारत कोरियात युद्धकैद्यांचा राखणदार झाला. आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, फौजेचे प्रमुख कोल्हापूरकडचे थोरात. काम कठीण होते आणि ते चोख झाले. जगात भारताचे नाव झाले, हे मान्यच. पण दहा वर्षे उलटली नाहीत तोच, कोलंबोच्या त्या थंड भाषेने बाबासाहेबांचा मुद्दा सिद्ध केला.

आता परत गावात या. तासगाव तालुक्यातील अंजनीचे आर. आर. पाटील गृहमंत्री असताना 15 ऑगस्ट 2007 पासून तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाचे, वाटणीचे, नवरा-बायकोचे हजारो तंटे गावातच मिटले, कोर्टाचे हेलपाटे वाचले. हे आम्ही नाकारत नाही. पण तंटे मिटले की गावाला बक्षीस होते. म्हणजे मध्यस्थाचे हित इथे सरकारनेच ठरवून दिले होते. बांधाच्या वादात त्याने बिघडत नाही, कारण दोघांकडे सात-बारा असतो. पण वस्तीवर हात पडला तेव्हा? अॅट्रॉसिटीच्या गुन्ह्यात तडजोड कायद्याला मान्य नाही. तरीही 'गावाचे नाव जाईल, बक्षीस जाईल' हे शब्द घेऊन रात्री दारात आलेली माणसे आमच्या कार्यकर्त्यांनी पाहिली आहेत. ती वाईट माणसे होती असेही नाही. मधलीच होती. ज्याच्या घरात मार खाल्लेला पोरगा पडून आहे, तो बाप त्यांना म्हणाला, "बसा, चहा घ्या. पण फिर्याद झालीय." गाडी दारातून हलायला अर्धा तास लागला.

सिलोनमधल्या त्या दीड लाखांचे पुढे काय झाले? 1974 मध्ये त्यांचीही निम्मी-निम्मी वाटणी ठरली. तरी अनेक जण कुठल्याच देशाचे नसलेले राहिलेच. शेवटी 2003 मध्ये श्रीलंकेच्या संसदेने कायदा करून त्यांना नागरिकत्व दिले. त्या वर्षी तिथे सरकार आणि वाघांमध्ये नॉर्वेची मध्यस्थी चालू होती.